सुगरणीचे घरटे कोण बांधतो?
(विणीच्या हंगामातील पक्ष्यांचा शालेय अभ्यास : परिसर अभ्यासाच्या शिक्षकांसाठी)

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास पाऊस लागतो आणि ओढ्याकाठच्या बाभळींवर, शिंदीच्या झाडांवर व विहिरींवर झुकलेल्या फांद्यांवर सुगरण पक्ष्यांची लगबग सुरू होते. शाळेचे पहिले सत्र व या पक्ष्याचा विणीचा हंगाम हे जवळजवळ एकाच काळात येतात. निसर्ग-निरीक्षणाचा पाठ घेण्यास याहून सोयीचा विषय खेड्यातील शिक्षकास क्वचितच मिळेल. तथापि शाळाभेटींच्या वेळी बहुधा असे आढळते की, वर्गाच्या भिंतीवर सुगरणीचे एखादे वाळलेले घरटे टांगलेले असते; ते झाडावर असताना तेथे काय घडले, हे मात्र मुलांपैकी कोणीच पाहिलेले नसते. वस्तू आहे, पण अभ्यास नाही, अशी ही स्थिती होय. ती पालटण्यासाठी शिक्षकाने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

१. नावाने होणारी दिशाभूल

'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. स्वयंपाकात व गृहकृत्यांत निपुण असलेली स्त्री, असा त्याचा रूढ अर्थ. या नावामुळेच घरटे मादी विणते, अशी समजूत आपल्याकडे दृढ झाली. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. मादी ते पारखते, पसंत पडल्यास त्यात राहते आणि आतील थोडीफार डागडुजी करते.

येथे शिक्षकांपुढे एक अडचण उभी राहते. बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीवरील कविता महाराष्ट्रातील बहुतेक मुलांच्या कानांवरून गेलेली असते, आणि त्या कवितेत घरट्याचे श्रेय मादीकडे, म्हणजे आईकडे आहे. मग कविता चुकीची म्हणून सांगावयाची काय? माझ्या मते असे करणे योग्य नव्हे. एवढ्याशा चोचीत सामावलेल्या कसबाबद्दल कवयित्रीला वाटलेला विस्मय यथार्थच आहे. दुर्बिणीतून पाहणाऱ्या शास्त्रज्ञालाही तोच विस्मय वाटतो. कवितेचा तास कवितेसारखा घ्यावा व निरीक्षणाचा तास निरीक्षणासारखा घ्यावा. "कवितेत आई घरटे बांधते, आपल्या ओढ्यावर कोण बांधतो ते पाहू या," एवढे सांगितले की पुरे. आपण ऐकलेली गोष्ट व आपण पाहिलेली गोष्ट या दोहोंतील भेद दोहोंपैकी कोणाचाही अवमान न करता ओळखणे, हाच या पाठाचा खरा लाभ होय.

२. शिक्षकास आवश्यक असलेली माहिती

सुगरण हा आकाराने चिमणीएवढा पक्षी आहे. एरवी नर व मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे मळकट तपकिरी दिसतात व त्यांतील फरक ओळखता येत नाही. विणीच्या हंगामात मात्र नराचा माथा व छाती पिवळीधमक होते व चेहऱ्यावर काळसर तपकिरी पट्टा दिसतो. मादीचा रंग पालटत नाही. म्हणून नर कोण व मादी कोण, हे मुलांना पावसाळ्यात सहज सांगता येते.

हे पक्षी वस्ती करून राहतात. एकाच झाडावर अनेक नर एकाच वेळी काम करीत असतात. भाताचे पाते, उंच गवत अथवा शिंदी-ताडाची झावळी यांच्या कडेला चोचीने खाच पाडून नर ती धार तोंडात धरतो आणि उडतो. त्या ओढीने लांब चिरी निघते. अशा शेकडो चिऱ्या एका घरट्यास लागतात. बांधकामाच्या अवस्था पुढीलप्रमाणे असतात :

(अ) गाठ : लोंबत्या फांदीच्या टोकाशी चिऱ्या गुंडाळून घट्ट गाठ मारली जाते.
(आ) कडे : गाठीखाली उभे वलय तयार होते. नर त्यात बसून पुढचे विणकाम करतो.
(इ) टोप : वलयावर छप्पर येते व एका बाजूस अंड्यांसाठी खोलगट भाग होतो. खाली आडवा पट्टा राहतो. या अवस्थेत घरटे उलट्या टोपासारखे दिसते.
(ई) नळी : पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने खाली लोंबणारी प्रवेशनळी विणली जाते व घरटे पूर्ण होते.

संपूर्ण घरट्यास सुमारे अठरा दिवस लागतात. त्यांपैकी टोपाच्या अवस्थेपर्यंत सुमारे आठ दिवस जातात. टोप झाला की नर काम थांबवितो. मादींचा थवा झाडावर येतो तेव्हा सगळे नर आपापल्या टोपांस लोंबकळून पंख फडफडवितात व एकसुरात चिवचिवाट करतात. मादी एखाद्या टोपात शिरते, पट्ट्यावर बसून आतील विण चोचीने ओढून पाहते आणि पसंत न पडल्यास निघून जाते. पसंत पडल्यास त्या नराशी तिचे मीलन होते आणि त्यानंतरच नर नळी विणून घरटे पुरे करतो. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते. ती चौदा ते सतरा दिवस एकटीच उबविते. पिले सुमारे सतरा दिवसांनी घरट्याबाहेर पडतात. पिलांना भरविण्याचे काम बहुतांशी मादीच करते. नर क्वचित हातभार लावतो. एक घरटे पुरे होताच नर जवळच दुसरे घरटे आरंभितो व दुसऱ्या मादीस बोलावितो.

पाठापूर्वी दोन लोकसमजुतींचाही विचार करून ठेवावा. अर्धवट टोप म्हणजे नराने विश्रांतीसाठी बांधलेला झोपाळा, असे कित्येक ठिकाणी सांगतात. वस्तुतः ते बहुधा मादींनी नाकारलेले किंवा अद्याप न स्वीकारलेले घरटे असते. दुसरी समजूत अशी की, घरट्यात उजेड व्हावा म्हणून पक्षी ओल्या मातीत काजवे चिकटवितो. टोपाच्या अवस्थेत नर मातीचे अथवा शेणाचे गोळे आतून चिकटवितो, हे खरे; काजव्यांची गोष्ट मात्र निरीक्षणाने सिद्ध झालेली नाही.

३. हे ज्ञान कसे मिळाले?

मुलांना निष्कर्षाइतकीच तो मिळविण्याची रीत सांगणे महत्त्वाचे आहे. आणि ही रीत आपल्याच राज्यात घडलेली आहे. १९३० साली डॉ. सालिम अली हे अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहत होते. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांनी शिडीवर कापडाचा आडोसा केला आणि त्यात तासन्‌तास बसून कोणत्या घरट्यावर कोणता नर काम करतो, मादी केव्हा येते, काय करते, हे रोज टिपून ठेवले. एक नर ओळीने अनेक माद्यांशी संसार मांडतो व घरटे मादीच्या पसंतीनंतरच पुरे होते, ही गोष्ट त्या नोंदींतून उघड झाली. तो अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे वि. चं. आंबेडकर यांनी भारतातील विणकर पक्ष्यांच्या प्रजननाचा सविस्तर अभ्यास केला व तो १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रकाशित केला. त्यानंतर आपल्या देशात झालेल्या अभ्यासात असेही दिसून आले की, मादी घरटे निवडताना विणीच्या सफाईपेक्षा घरट्याच्या जागेस अधिक महत्त्व देते.

शिक्षकाने केलेल्या अशा कार्याचेही एक ठळक उदाहरण आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल या शाळेत डेव्हिड लॅक हे शिक्षक होते. १९३० नंतरच्या दशकात अध्यापन सांभाळून त्यांनी रॉबिन या तांबड्या छातीच्या पक्ष्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून त्यांनी प्रत्येक पक्षी वेगळा ओळखला, तेव्हा प्रत्येक नर ठरावीक हद्द राखतो व गाणे हे त्या हद्दीची दवंडी असते, हे स्पष्ट झाले. त्यांनी पेंढा भरलेला रॉबिन दुसऱ्याच्या हद्दीत ठेवला, तर मालक त्यावर तुटून पडे. इतकेच नव्हे, तर केवळ तांबड्या पिसांचा झुबका पाहूनही तो चवताळत असे. त्यांचे रॉबिनविषयीचे पुस्तक १९४३ मध्ये निघाले. त्याच काळात अमेरिकेतील ओहायओ राज्यात मार्गारेट मोर्स नाइस या गृहिणीने घराजवळच्या नदीकाठी गाणाऱ्या चिमण्यांचा असाच अभ्यास केला आणि १९३७ व १९४३ मध्ये तो दोन भागांत प्रसिद्ध केला.

या तिघांकडे आरंभी प्रयोगशाळा नव्हती. एक ठरावीक जागा, रोजची हजेरी व वही, एवढेच त्यांचे मुख्य भांडवल होते. आणि खेड्यातील शाळेत या तिन्ही गोष्टी उपलब्ध आहेत. मात्र पक्षी पकडून कडी घालण्याचे काम प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींनीच करावयाचे असते. आपण पक्ष्याला क्रमांक न देता घरट्याला द्यावयाचा, आणि तोही झाडावर नव्हे, कागदावर.

४. शाळेत करावयाचे काम

पहिला आठवडा. पाऊस चांगला लागल्यावर वस्तीचे एक झाड निवडावे. फळ्यावर झाडाची बाह्याकृती काढून दिशा दाखवाव्यात. मुलांनी तीच आकृती वहीत उतरवून प्रत्येक घरट्याची जागा टिंबाने दाखवावी व त्यास क्रमांक द्यावा. घरटी झाडाच्या कोणत्या बाजूस अधिक आहेत, हा पहिला प्रश्न येथेच निघतो. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा त्या बाजूस घरटी कमी आहेत काय, हे मुलांनी स्वतः मोजून सांगावे. उत्तर शिक्षकाने अगोदर सांगू नये.

त्यापुढील आठवडे. आठवड्यातून दोन वेळा, शक्यतो सकाळी, पंधरा ते वीस मिनिटे निरीक्षण करावे. चार-पाच मुलांचा एक गट व प्रत्येक गटाकडे पाच-सहा घरटी, अशी वाटणी करावी. नोंदीचे रकाने असे असावेत : दिनांक व वेळ, हवामान, घरट्याचा क्रमांक, अवस्था (गाठ, कडे, टोप, नळी), नर दिसला की मादी, तो अथवा ती काय करीत होती. शेवटच्या रकान्याकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. "मादी रागावली" असे लिहिणाऱ्या मुलास विचारावे, "राग तू पाहिलास की मादी उडून गेलेली पाहिलीस?" मग तो "मादी आत शिरली, थोड्या वेळाने उडून गेली" असे लिहील. पाहिलेले व तर्काने जाणलेले यांत फरक करणे मुलाला एकदा साधले की, ते त्याला पुढे प्रत्येक विषयात उपयोगी पडते.

घरट्याच्या आत पाहता येत नाही व पाहूही नये. तरी बाहेरील खुणांवरून आतील स्थितीचा अंदाज बांधता येतो. नळी विणली जाऊ लागली की मादीने घरटे पसंत केले, असे समजावे. मादी आत जाऊन बराच वेळ बाहेर येत नसेल, तर ती अंडी उबवीत असावी. चोचीत किडा घेऊन वारंवार ये-जा करू लागली, तर पिले झाली. समजा, एखाद्या घरट्याची नळी १० जुलैच्या सुमारास पूर्ण झाली. अंडी घालण्यास काही दिवस, उबविण्यास सुमारे पंधरा दिवस व पिले वाढण्यास सुमारे सतरा दिवस धरले, तर पिले ऑगस्टच्या मध्यास बाहेर पडावीत. हा दिवस मुलांकडून आधी लिहून घ्यावा व मग काय घडते ते पाहावे. भाकीत चुकले तरी बिघडत नाही. ते का चुकले, याची चर्चा अधिक मोलाची असते.

हंगाम संपल्यावर. गोळा झालेल्या नोंदींचा गणितात उपयोग करावा. समजा, २४ घरट्यांना आरंभ झाला व त्यांपैकी ९ पूर्ण झाली. तर पूर्ण झालेल्यांचे प्रमाण किती? ९/२४, म्हणजे ३/८. आपल्या झाडाचे खरे आकडे घेऊन असे अपूर्णांक व स्तंभालेख चौथी-पाचवीच्या मुलांना सहज काढता येतात. अर्ध्याहून अधिक कष्ट कदाचित वाया गेलेले दिसतील, मुलांना ते मनापासून लागते व "मग नर दुसरे का बांधतो?" असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

५. तुलनेसाठी इतर पक्षी

एका पक्ष्यावरून सर्वांविषयी नियम सांगण्याचा मोह टाळावा. दयाळ पक्ष्याचे घरटे भिंतीच्या वा झाडाच्या पोकळीत असते व ते बांधण्याचा बराचसा भार मादीवर असतो. उन्हाळ्यात पहाटे छपराच्या टोकावर बसून गाणारा काळा-पांढरा दयाळ हा नर होय. तो कोणत्या जागांवरून गातो, याचा नकाशा काढल्यास रॉबिनप्रमाणेच हद्दीची कल्पना मुलांना देता येते. शिंजिराचे लोंबते घरटे मादी बांधते. 'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो, परंतु आमराईतील तो परिचित स्वर काळ्या नराचा असतो. मादी तपकिरी व ठिपकेदार असून तिचा आवाज निराळा असतो. शास्त्रीय वर्गीकरणात कोकिळ हा गायक पक्ष्यांच्या गटात मोडत नाही, हेही शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

मात्र "नरच गातो" असाही सरसकट नियम सांगू नये. हिवाळ्यात रॉबिनची मादीही स्वतंत्र हद्द राखते व गाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात, ज्यांची माहिती उपलब्ध होती अशा गायक पक्ष्यांपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते, असे आढळले. नर गातो व मादी ऐकते, ही समजूत पूर्वी पुस्तकांतूनही रूढ होती. तीही सुगरणीच्या नावासारखीच तपासून पाहावी लागली.

६. मुलांचे अवघड प्रश्न

या विषयात मीलनाचा उल्लेख येतो, म्हणून काही शिक्षक हा पाठ टाळतात. खेड्यातील मुलाने गोठ्यात वासरू जन्मताना पाहिलेले असते. त्याला यात नवल नसते. "नर व मादी एकत्र आल्यावर मादी अंडी घालते आणि त्यांतून पिले होतात," असे सरळ वाक्य शांतपणे सांगावे व पुढे जावे. शिक्षक गोंधळला, तरच वर्ग हसतो.

दुसरा प्रश्न नीतीचा असतो. "नर एका मादीला सोडून दुसरीकडे जातो, म्हणजे तो वाईट का?" असे मुले विचारतात. पक्ष्यांना माणसांचे नियम लावू नयेत, तसेच पक्ष्यांचे उदाहरण देऊन माणसांचे वागणे ठरवू नये, हे येथे स्पष्ट सांगावे.

तिसरा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाचा असतो. "हे पक्षी आमची बाजरी खातात, त्यांना जपायचे कशाला?" हा प्रश्न दडपू नये. मोठे पक्षी धान्य खातात, हे मान्य करावे. परंतु पिलांना भरविण्यासाठी ते अळ्या, नाकतोडे असे किडेही टिपतात. कोणत्या महिन्यात पक्षी चोचीत काय आणतात, हे त्या मुलालाच टिपण्यास सांगावे. त्याची वही त्याच्या घरीही वाचली जाईल.

७. पाळावयाचे नियम

१. झाडापासून निदान तीस पावले दूर उभे राहावे. पक्षी काम सोडून ओरडू लागल्यास आणखी मागे सरावे.
२. वस्तीचे झाड बहुधा पाण्यावर झुकलेले असते. कठडा नसलेल्या विहिरीच्या अथवा पूर आलेल्या ओढ्याच्या काठी मुलांना नेऊ नये. झाड धोक्याच्या जागी असल्यास दुसरे झाड निवडावे. शिक्षकाशिवाय एकाही मुलाने निरीक्षणास जाऊ नये.
३. घरटे हलवू नये, अंडी वा पिले हाताळू नयेत, फोटोसाठी फांद्या वाकवू वा तोडू नयेत. भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. त्याने पक्षी घरट्यापासून विचलित होतो.
४. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींतील वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे अथवा त्यांची घरटी विस्कटणे हे कायद्याने शिकारीतच मोडते, ही गोष्ट मुलांना व पालकांना सांगावी.
५. हंगाम संपल्यावरही घरटी पाडू नयेत. सोडलेल्या घरट्यांचा आश्रय पांढऱ्या कंठाची मुनिया घेते. वर्गासाठी नमुना हवाच असल्यास वाऱ्याने आपोआप गळून पडलेले घरटे घ्यावे व त्याशेजारी मुलांची नोंदवही ठेवावी.

बेचकी घेऊन हिंडणाऱ्या मुलास केवळ रागे भरल्याने तो शिक्षकांची नजर चुकवू लागतो, एवढेच. त्याच मुलाकडे सात क्रमांकाचे घरटे सोपवावे. पंधरा दिवस त्याने टोप पुरा होताना पाहिला, मादी दोनदा परत गेलेली पाहिली व तिसऱ्या खेपेस नळी सुरू झालेली पाहिली, की त्या घरट्यावर दुसऱ्या कोणी दगड मारलेला त्याला खपत नाही. दयेवरील पाठाने जे साधत नाही, ते परिचयाने साधते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन होय. त्या वेळेपर्यंत सुगरणीचा हंगाम संपलेला असतो. तेव्हा त्या सप्ताहात घोषणांच्या जोडीला मुलांनी आपल्या झाडाचा नकाशा व चार महिन्यांच्या नोंदी गावापुढे वाचून दाखवाव्यात. शिक्षकांनी त्या वह्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणल्यास निरनिराळ्या गावांच्या नोंदींची तुलना करता येईल : कोठे बाभूळ, कोठे शिंदी, कोठे आरंभ जूनमध्ये, कोठे जुलैमध्ये. झाडाचा प्रकार, गावाचे नाव व वर्ष पहिल्या पानावर ठळकपणे लिहावे आणि वही शाळेच्या दप्तरी जतन करावी, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या वर्गास तुलनेसाठी ती हाताशी राहील.